अब्बांची फियाट : अस्सल किती, बदललेली किती?

शहापूरच्या आमच्या घराच्या पडवीत अब्बांची १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी होती. अब्बांच्या इंतकालानंतर ती आम्हा दोघा भावांची आणि बहिणीची झाली. गेल्या हिवाळ्यात ठाण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन गिऱ्हाईक आले. त्यांनी एकच विचारले, "सर, गाडीत कंपनीचे ओरिजिनल काय काय आहे?" दलाल आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "सगळंच ओरिजिनल म्हणा, भाव चढेल."

आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली आणि मुरबाडच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. म्हशाच्या जत्रेत जाणकार शेतकरी बैलाचे दात पाहून वय सांगतो, तसे हे मिस्त्री गाडी पाहतात.

तपासणी कशी केली?

पद्मिनी आपल्या मुंबईची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात, फियाट ११०० च्या नमुन्यावर बनवली. इंजिन १०८९ सीसीचे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीसाठी वर्षानुवर्षे सुटे भाग लागत, म्हणून नकलाही भरपूर निघाल्या.

मिस्त्रींनी आधी आरसी बुक मागितले. चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी जुळवले. आकडे वाकडेतिकडे आहेत का, आजूबाजूला घासल्याच्या खुणा आहेत का, हे बॅटरीच्या उजेडात पाहिले. दोन्ही नंबर जुळले.

मग एक लहान लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवले. चारपैकी तीन दरवाजांना तो घट्ट चिकटला, चौथ्याच्या खालच्या भागावरून घसरला. रंगाखाली पुट्टी भरलेली होती. आपल्याकडच्या पावसात पत्रा खालूनच सडतो.

काचांच्या कोपऱ्यातले छाप पाहिले. बाकी सर्व काचांवर एकच छाप, पुढच्या काचेवर वेगळा. म्हणजे ती कधीतरी बदललेली. बोनेटवरचे नाव नवे निघाले. अक्षरांच्या कडा बोथट होत्या आणि पाठीमागच्या खिळ्या पत्र्याच्या जुन्या भोकांत नीट बसत नव्हत्या.

विजेच्या भागांवरची नावे वाचताना मिस्त्रींनी एक उपयोगी गोष्ट सांगितली. मायको ही कंपनी २००८ साली बॉश लिमिटेड झाली. म्हणून भागावर केवळ 'बॉश इंडिया'चा नवा छाप असेल, तर तो १९७४ साली गाडीत बसलेला असणे शक्य नाही. पण म्हणून तो नकलीही नाही. तो त्याच घराण्याचा, नंतर बनलेला भाग आहे.

केवळ छापावरही विसंबू नये. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने विलीस जीपच्या नमुन्यावर जीप बनवल्या, तेव्हा आपल्या भागांवर, अगदी बोल्टवरही, 'एफ' हे अक्षर उमटवले. आज त्या 'एफ'सकट नवे बोल्ट विकायला आहेत!

सर्वात वाईट वाटले ते कार्बोरेटरचे. अब्बा असताना एका गॅरेजवाल्याने 'ओरिजिनल' म्हणून मोठी रक्कम घेतली होती. ओतकाम खरखरीत, छाप पुसट. ती नक्कल होती. अब्बांना शेवटपर्यंत कळले नाही.

नवा भाग म्हणजे दोष नव्हे

ब्रेकचे पाइप, रबरी सील, वायरिंग हे जुने ठेवण्याचा हट्ट धोक्याचा आहे. डब्यात न वापरता पडलेले रबरही वर्षांनी कडक होते. तिथे चांगला नवा भागच हवा. नक्कल बसवणे गुन्हा नाही, नक्कल अस्सल म्हणून विकणे हा धोका आहे.

याला कायद्याचीही बाजू आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठे फेरफार न केलेले दुचाकी वा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. आपल्या खोट्या शब्दावर विसंबून समोरचा माणूस एवढा खर्च करणार असतो.

ओले धान्य वर ठेवा

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग गिऱ्हाइकाला दिसेल असे ते वर का ठेवले नाही, अशी समज आपण त्याला दिली. फसवणाऱ्याला आपल्यातला मानले नाही. सहीह मुस्लिममधली ही हदीस आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! आता परीक्षा आमची होती.

भाव आम्हा एकट्याचा नव्हता. बहिणीचाही त्यात हक्क होता, म्हणून आधी तिला फोन केला. ती म्हणाली, "भाईजान, माझा हिस्सा कमी आला तरी चालेल, पण अब्बांच्या गाडीवर खोटं नको."

आम्ही कागदावर तीन रकाने आखले : कंपनीचे मूळ, नंतर बदललेले, नक्कल. दरवाजा, काच, नाव, कार्बोरेटर, सगळे लिहिले आणि खाली सही केली. गिऱ्हाइकाने यादी दोनदा वाचली आणि भाव उतरवला. आम्ही कबूल केला. जाताना त्यांनी ती यादी घडी घालून आरसी बुकात ठेवली आणि म्हणाले, "ही कायम गाडीबरोबरच राहील."

पैसे आले त्याच संध्याकाळी तिघांचे हिस्से शरीअतप्रमाणे वेगळे केले. आता पडवी रिकामी आहे. तुमच्या घरी अशी जुनी जीप, स्कूटर किंवा फियाट असेल, तर विकण्याआधी ही तीन रकान्यांची यादी जरूर करा. आणि घरातले वडीलधारे हयात असतील, तर कोणता भाग कधी बदलला, हे त्यांना आजच विचारून घ्या.