आधी गावे मोजा

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात घेतले. चिठ्ठ्या मात्र स्त्रियांच्या नव्हे, गावांच्या ५२ गटांच्या टाकल्या. १३ गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, १३ गटांत पॅप चाचणी, १३ गटांत आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी आणि उरलेल्या १३ गटांत नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या, तर तुलनेच्या गटातील ३१,४८८ पैकी ६४.

या चाचणीचे खरे बळ कशात धरायचे, सव्वा लाखाच्या वर स्त्रियांत की ५२ गटांत?

एका गावातल्या बायकांचे आरोग्यकेंद्र एक, परिचारिका एक, लग्नाच्या वयाची रीतही बहुधा एकच. थोरली जाऊ तपासणीला गेली की धाकटीही जाते. म्हणून धाकटीकडून मिळणारी माहिती पूर्ण नवी नसते. हे साम्य गटांतर्गत सहसंबंधाने मोजतात. एकूण फरकातला किती हिस्सा गावागावांमधला, एवढाच तो भागाकार. गावागावांत फरकच नसेल तर शून्य. गावातले सगळे एकसारखे असतील तर एक. आरोग्याच्या चाचण्यांत हा आकडा बहुधा अगदी लहान येतो आणि तिथेच फसगत होते. उस्मानाबादेत सरासरी गट २,५३४ स्त्रियांचा होता. सहसंबंध नुसता ०.००१ धरला, तरी एकेकीच्या चिठ्ठ्या टाकण्याच्या तुलनेत लागणारी संख्या साडेतीन पट होते.

आता कोल्हापूर घ्या. गगनबावड्याचा पाऊस आणि शिरोळचा महापूर एकाच जिल्ह्यातले. गावागावांत फरक असणारच. समजा इथल्या ४० गावांत प्रत्येकी ५० माणसे घेतली आणि सहसंबंध ०.०२ निघाला. मग २,००० माणसांची किंमत साधारण १,०१० स्वतंत्र माणसांएवढी. तीच २,००० माणसे ८० गावांतून २५-२५ घेतली तर १,३५१. आणि गावे ४०च ठेवून प्रत्येकी ५०० माणसे घेतली, तर २०,००० जणांची नोंद करूनही हाती येतात अवघी १,८२१. त्या ४० गावांत कितीही माणसे वाढवा, २,०००ची रेघ ओलांडता येत नाही.

शेतीत हे शहाणपण आपल्याकडे जुने आहे. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणी प्रयोगांचा संख्याशास्त्रीय पाया घातला. त्या प्रयोगांत निवडलेल्या गावात एका पिकाची साधारण दोनच शेते घेतात, कारण शेजारच्या शेतांचे उत्पन्न एकमेकांसारखे असते.

अडचण अशी की सहसंबंध चाचणीच्या आधी हवा असतो आणि थोड्या गावांतून काढलेला आकडा डळमळीत असतो. म्हणून आधीच्या अभ्यासांतले आकडे छापलेले हवेत. समूह-चाचण्यांचा अहवाल लिहिण्याच्या २००४च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनेही हेच सांगितले आहे. शिवाजी विद्यापीठातल्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या संशोधकांना माझी विनंती आहे: गावपातळीवर पाहणी केलीत, तर निष्कर्षासोबत हा एक आकडा, त्याच्या अनिश्चिततेसह, जरूर छापा. पुढच्या माणसाला किती गावे हिंडायची हे त्यावरूनच ठरवता येईल.