क्षेत्रीय उपकरणांचे व्यवस्थापन आणि एज संगणन : बन्सफील्ड दुर्घटनेच्या संदर्भात

प्रमुख संज्ञा : क्षेत्रीय उपकरणे, एज संगणन, उपकरण-व्यवस्थापन, औद्योगिक सुरक्षितता

प्रस्तावना :
आधुनिक कारखाना मोजमापांच्या भरवशावर चालतो. टाकीतील द्रवाची पातळी, नळातील दाब, भट्टीचे तापमान, पंपाचे कंपन इत्यादी बाबी मोजणारी, तसेच व्हॉल्व्ह उघडणारी व बंद करणारी उपकरणे प्रत्यक्ष यंत्राजवळ बसविलेली असतात. त्यांना क्षेत्रीय उपकरणे अथवा ‘फील्ड डिव्हाइस’ असे म्हणतात. मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यात त्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. ही उपकरणे संगणकीय जाळ्याने जोडली गेल्यापासून त्यांच्याकडून किती माहिती मिळते याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ती माहिती देणारे उपकरण स्वतः विश्वासार्ह आहे काय, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने एज संगणनाचे स्वरूप, उपयुक्तता आणि मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

क्षेत्रीय उपकरणांची संदेशवहन पद्धती :
अनेक दशके क्षेत्रीय उपकरण ४ ते २० मिलिअँपिअर एवढ्या विद्युत् प्रवाहाद्वारे आपले मोजमाप नियंत्रण कक्षाकडे पाठवीत आले आहे. या पद्धतीत दोन तारांवरून एकच आकडा जातो. १९८० च्या दशकात ‘हार्ट’ ही प्रणाली विकसित झाली. तिच्यामुळे त्याच तारांवर, मूळ संकेताला धक्का न लावता, सेकंदाला १२०० बिट या वेगाने अंकीय माहितीही पाठविणे शक्य झाले. उपकरणाचा अनुक्रमांक, त्याची मोजमाप-मर्यादा, अंतर्गत बिघाडाची सूचना इत्यादी तपशील त्यातून मिळू शकतो. २०२१ मध्ये सादर झालेल्या ‘ईथरनेट-एपीएल’ या तंत्रामुळे दोन तारांवरूनच सेकंदाला १ कोटी बिट एवढा वेग साध्य झाला आहे. उपकरणाची स्थिती कशी कळवावी याबाबत ‘नामूर’ या संघटनेने चार वर्ग सुचविले आहेत : बिघाड, तपासणी चालू, मर्यादेबाहेर आणि देखभाल आवश्यक. थोडक्यात, उपकरण स्वतःविषयी सांगू शकते. ते ऐकून नोंद ठेवणारी व त्यावर कृती करणारी व्यवस्था मात्र स्वतंत्रपणे उभी करावी लागते. या व्यवस्थेलाच उपकरण-व्यवस्थापन म्हणता येईल.

बन्सफील्ड येथील दुर्घटना :
अशी व्यवस्था नसल्यास काय घडते याचे उदाहरण म्हणून इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातील बन्सफील्ड इंधनसाठ्याचा उल्लेख करता येईल. १० डिसेंबर २००५ च्या सायंकाळी तेथील ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरण्यास प्रारंभ झाला. पहाटे ३ च्या सुमारास पातळीमापक अडकला. टाकी भरत राहिली. पण पडद्यावरील आकडा स्थिर राहिला. धोक्याच्या सर्व सूचना त्याच आकड्यावर अवलंबून असल्याने त्यांपैकी एकही वाजली नाही. अखेरचा उपाय म्हणून बसविलेला स्वतंत्र उच्चपातळी स्विचही निष्क्रिय होता. त्याची चाचणी घेण्याची दांडी योग्य जागी राहावी म्हणून तिला कुलूप लावणे आवश्यक होते. ते लावलेले नव्हते, आणि त्या कुलपाचे महत्त्व वापरकर्त्यांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल बाहेर पडले आणि ११ डिसेंबरच्या सकाळी ६ च्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. रविवारची पहाट असल्याने जीवितहानी टळली. तथापि ४० हून अधिक लोक जखमी झाले.

चौकशीतून पुढे आलेली एक बाब विशेष लक्षणीय आहे. ३१ ऑगस्टपासून हा मापक १४ वेळा अडकला होता. कर्मचारी तो वर उचलून पुन्हा खाली सोडीत व काम पुढे चालवीत. बिघाडाची नोंद प्रत्येक वेळी होत नसे. म्हणजेच बिघाड अज्ञात नव्हता. तो कोणाच्या जबाबदारीचा विषय झाला नव्हता.

एज संगणनाचे कार्य :
एज संगणन म्हणजे माहिती दूरच्या संगणक-केंद्राकडे पाठविण्यापूर्वी, ती जेथे निर्माण होते त्याच्या सान्निध्यात तिच्यावर प्रक्रिया करणे. कारखान्यात हे कार्य उपकरणे आणि वरिष्ठ जाळे यांच्यामध्ये बसविलेला छोटा औद्योगिक संगणक करतो. त्याची उपयुक्तता तीन प्रकारे स्पष्ट करता येईल.

पहिली बाब परस्पर-पडताळणीची. समजा, २५ मीटर व्यासाच्या टाकीत ताशी ५५० घनमीटर द्रव येत आहे. अशा टाकीतील पातळी ताशी सुमारे १.१ मीटर, म्हणजे पंधरा मिनिटांत सुमारे २८ सेंटिमीटर वाढली पाहिजे. प्रवाह चालू असून पातळी स्थिर दिसत असेल, तर दोहोंपैकी एक मोजमाप चुकीचे आहे किंवा द्रव अन्यत्र जात आहे. हे गणित शालेय पातळीचे आहे. नियंत्रण प्रणालीतही ते बसविता येते; परंतु चालू कारखान्यात त्या प्रणालीत बदल करणे जिकिरीचे असते आणि निरनिराळ्या प्रणालींतील आकडे अनेकदा एकत्र येत नाहीत. एज संगणक मूळ नियंत्रणास हात न लावता हे आकडे एकत्र वाचू शकतो.

दुसरी बाब माहितीच्या आकारमानाची. एका पंपाचे कंपन तीन दिशांनी, सेकंदाला प्रत्येकी दहा हजार वेळा व दोन बाइटमध्ये नोंदविल्यास दिवसाला सुमारे ५.२ गिगाबाइट माहिती जमा होते. ती सर्व दूर पाठविण्यापेक्षा जागेवरच तिचे विश्लेषण करून केवळ निष्कर्ष पाठविणे श्रेयस्कर ठरते. बाहेरील जोडणी खंडित झाली तरी हे काम चालू राहते.

तिसरी बाब नोंदीची. प्रत्येक उपकरणाची ओळख, फर्मवेअरची आवृत्ती, कॅलिब्रेशनची तारीख व रचनेतील प्रत्येक बदल आपोआप नोंदविला जातो. चौदा वेळा अडकलेला मापक अशा नोंदवहीत लपून राहू शकत नाही.

मर्यादा आणि जोखीम :
एज संगणकामुळे कारखान्याच्या गाभ्यात प्रवेश करण्याचा एक नवा मार्गही निर्माण होतो. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्याच्या सुरक्षा-नियंत्रकांवर ‘ट्रायटन’ या घातक आज्ञावलीने हल्ला झाला. त्या नियंत्रकांची चावी ‘प्रोग्राम’ स्थितीत राहिली असल्याने त्यांतील आज्ञावली दुरून बदलणे शक्य झाले. बन्सफील्ड येथे कुलूप नव्हते. येथे चावी चुकीच्या जागी होती. दोन्ही ठिकाणी उणीव यंत्रापेक्षा व्यवस्थापनाची होती.

म्हणून काही पथ्ये अपरिहार्य ठरतात. एज संगणकाने शक्यतो केवळ वाचन करावे. अंतिम सुरक्षेची साधने त्याच्यापासून पूर्णतः स्वतंत्र असावीत. ‘आयईसी ६२४४३’ या मानकमालिकेनुसार जाळ्याचे विभाग पाडून त्यांमधील वाटा नियंत्रित कराव्यात. तसेच एज संगणक हेदेखील एक उपकरण आहे, याचे विस्मरण होता कामा नये. त्याची आवृत्ती, त्याचे पासवर्ड आणि त्याची देखभाल यांची नोंद त्याच काटेकोरपणे ठेवली पाहिजे. सूचना कोणाकडे जाईल आणि किती वेळात तिची दखल घेतली जाईल हे ठरलेले नसेल, तर सर्वोत्तम विश्लेषणही निरुपयोगी ठरते.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, एज संगणनाचे खरे मोल अधिक माहिती गोळा करण्यात नसून माहिती देणाऱ्या उपकरणावर सतत लक्ष ठेवण्यात आहे. हा विषय केवळ संगणकशास्त्राचा नाही. टाकीतील गणित भौतिकशास्त्राचे आहे, द्रवाचे गुणधर्म रसायनशास्त्राचे आहेत, तर दुर्लक्षित बिघाड हा व्यवस्थापनशास्त्राचा विषय आहे. तारापूर, पाताळगंगा, लोटे परशुराम यांसारख्या औद्योगिक वसाहतींत उद्या काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना पडद्यावरील आकडा वाचण्यास शिकविले जातेच. तो आकडा खरा कशावरून, हे विचारण्याची सवय लावणे ही सर्व विद्याशाखांतील अध्यापकांची सामाईक जबाबदारी आहे.