पितळ आणि पाणी

पहाटे साडेपाच

नैऋत्य नायजेरियातलं ओशोग्बो शहर अजून अंधारात आहे. ती उठते आणि आधी कोपऱ्यातल्या माठाशी जाते. तळ अजिबात हलू न देता वरवरचं पाणी काढून घेते. ती ओशुन या नदीदेवीची उपासिका आहे. तिला नाव देत नाही, कारण अशा अनेकजणींच्या दिवसांतून हा एक दिवस मी जुळवला आहे. इथल्या योरुबा लोकांचा जुना आठवडा चार दिवसांचा. त्यातला देवीचा वार आज आला आहे.

देव्हाऱ्यात मातीचं झाकणाचं भांडं आहे. त्यात नदीतले गुळगुळीत गोटे पाण्यात बुडवून ठेवलेले. देवीचा वास या गोट्यांत आणि या पाण्यात. शिळं पाणी काढायचं, गोटे हलक्या हाताने धुवायचे, ताजं पाणी घालायचं. हे झाल्याशिवाय घरात दुसरं काम सुरू होत नाही.

साडेसहा

पितळ घासायला ती अंगणात बसते. घंटी, बांगड्या, गोल पंखा. ओरिशांमध्ये, म्हणजे योरुबा देवतांमध्ये, लोखंड ओगुनचं, पितळ ओशुनचं. आरसा, कंगवा, मध, मोर हेही तिचेच. एवढ्यावरून तिला नुसती सौंदर्याची आणि प्रेमाची देवी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मूल देणारी ती, तान्ह्याला थंड पाण्याने बरं करणारी ती, आणि कोपली तर पुराने गाव बुडवणारीही तीच. तिला हाक मारतात ती ‘ओरे येये ओ!’ अशी. येये म्हणजे आई.

आठ

पांढरं वस्त्र नेसून ती गुडघे टेकते आणि कौल लावते. चार पाकळ्यांची कोलाची बी फोडून जमिनीवर टाकायची. दोन पाकळ्या उताण्या, दोन पालथ्या पडल्या की देवी प्रसन्न. आज तशाच पडतात. मग नैवेद्य: यानरिन नावाची पालेभाजी, मक्याच्या पिठाचा घट्ट एको, वर मध. गुलामगिरीच्या काळात ओशुन समुद्रापार क्यूबात आणि ब्राझीलमध्ये गेली. क्यूबात तिला मध दाखवण्याआधी उपासक स्वतः चाखून बघतात, कारण तिथल्या कथेप्रमाणे कुणीतरी मधातून तिच्यावर विषप्रयोग केला होता.

दहा

बायका येऊ लागतात. एकीचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली, मूल नाही.

“आई, काहीतरी सांगा,” एवढंच ती म्हणते.

“बस, लेकी. आधी पाणी पी.”

मग सोळा कवड्या चटईवर पडतात. तोंड वर करून किती पडल्या ते मोजायचं आणि त्या आकड्याच्या कथा तोंडपाठ म्हणायच्या. यातली एक कथा मला सगळ्यांत मोलाची वाटते. ओलोदुमारे या परमेश्वराने सतरा ओरिशांना पृथ्वी वसवायला पाठवलं. सोळा पुरुष, सतरावी ओशुन. पुरुषांनी तिला विचारलंच नाही. मग त्यांचं कुठलंच काम तडीला जाईना. तक्रार घेऊन ते वर गेले, तेव्हा ओलोदुमारेने एकच विचारलं, तुमच्यातली ती बाई कुठे आहे? त्यांना परत येऊन तिची मनधरणी करावी लागली.

समोरची बाई ऐकताना पहिल्यांदा मान वर करते. नवस बोलते.

दुपारी एक

नातीची वेणी घालायची वेळ. पोवळ्याच्या कंगव्याची मालकीण असं ओशुनचं एक बिरुद आहे, तेव्हा हेही तिचंच काम.

“आजी, मी होईन आरुग्बा?”

“ते राजघराण्यातल्या मुलीचं काम, बाळा. आपण तिच्यामागून चालायचं.”

ऑगस्टमधल्या उत्सवात आरुग्बा ही कुमारिका डोक्यावर पूजेचा भोपळा घेऊन राजवाड्यापासून नदीपर्यंत जाते. तिला ठेच लागणं अशुभ मानतात, म्हणून सारं गाव तिच्या पावलांकडे बघत असतं.

तीन

ती राईत जाते. नदीकाठची ही देवराई पंचाहत्तर हेक्टरची. इथे शिकार नाही, झाड तोडायचं नाही, मासा धरायचा नाही. जुनी गोष्ट अशी की पाण्याच्या शोधात आलेल्या लारोये आणि तिमेहिन या संस्थापकांच्या माणसांनी झाड पाडलं, ते नदीत कोसळलं आणि पाण्यातून आवाज आला: माझे निळीचे रांजण फोडलेत! पुढे करार झाला. तुम्ही राई सांभाळा, मी तुम्हाला सांभाळते. माशाने देवीचा निरोप आणला आणि राजाने हात पसरून तो मासा झेलला, म्हणून इथल्या राजाला अताओजा म्हणतात.

विसाव्या शतकात हा करार मोडायला आला होता. झाडं पडत होती, जमिनीवर डोळा होता. 1950 साली नायजेरियात आलेल्या ऑस्ट्रियन चित्रकार सुझान वेंगर इथे ओरिशांच्या उपासक झाल्या आणि अदेबिसी अकांजींसारख्या स्थानिक कारागिरांबरोबर त्यांनी सिमेंट-मातीची प्रचंड शिल्पं उभी केली. 2005 साली राई जागतिक वारसा झाली. वेंगर 2009 मध्ये ओशोग्बोतच वारल्या. शिल्पांपेक्षा त्यांनी वाचवलेली झाडं मला मोठी वाटतात.

साडेचार

ती काठावर वाकते. पाणी चहासारखं तपकिरी आहे. वर इलेशाच्या बाजूला सोन्यासाठी जमीन खणतात, तो चिखल खाली येतो. अलीकडच्या वर्षांत सरकारने हे पाणी पिऊ नका म्हणून बजावलं आहे. उत्सवात मात्र माणसं अजून डबे भरभरून नेतात. आईचं पाणी नको कसं म्हणायचं? करारातली आपली बाजू माणसांनी राईपुरती पाळली. नदी मात्र राईच्या कितीतरी वर सुरू होते. याचा मला राग येतो.

ती घागर भरते. थोडं पाणी परत नदीत सोडते.

रात्री नऊ

नात झोपली आहे. घागर ती माठात रिकामी करते आणि वर झाकण ठेवते. सकाळपर्यंत तळाशी बोटभर गाळ बसेल. माठाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून ती आपली चटई त्याच्या शेजारीच अंथरते.