नेब्रास्कातील विहिरी आणि आपले नायट्रेट

विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, भारत-अमेरिका विज्ञान व तंत्रज्ञान मंच आणि अमेरिकेतील नेब्रास्का-लिंकन विद्यापीठ यांच्या सहकार्याने जलसंशोधनासाठी ‘वारी’ ही अभ्यासवृत्ती सुरू करण्यात आली. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांपासून बनले असले, तरी मराठी कानाला ते परके वाटत नाही. या अभ्यासवृत्तीमुळे भारतीय विद्यार्थ्यांना व संशोधकांना अशा राज्यात काम करण्याची संधी मिळाली, जेथे मक्याची शेती, भूजलावरील सिंचन आणि पाण्यातील नायट्रेट हे तीनही प्रश्न एकाच शिवारात भेटतात.

बाटली भरण्याचे शास्त्र

जलप्रदूषणावर काम करणाऱ्या पाहुण्या संशोधकाचा पहिला धडा प्रयोगशाळेत नव्हे, तर विहिरीच्या काठावर सुरू होतो. नळीत साचलेले पाणी उपसून टाकावे लागते. तापमान, सामू आणि विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच नमुना घेतला जातो. बाटलीवर विहिरीची खोली, दिनांक व वेळ नोंदवून ती बर्फात ठेवली जाते, कारण नायट्रेटचे पृथक्करण साधारणतः ४८ तासांच्या आत व्हावे लागते. अचूकता पडताळण्यासाठी दुहेरी नमुने आणि शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही सोबत असतो. नमुनाच सदोष असेल, तर महागडे उपकरण केवळ चुकीचा आकडा अधिक नेमकेपणाने सांगते.

दुसरा धडा एककांचा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. मात्र ती नायट्रेटमधील नत्राची आहे. भारतीय मानकातील ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा संपूर्ण नायट्रेटची आहे. दोन्ही जवळजवळ समान आहेत. अहवालावरील एकक न वाचता आकड्यांची तुलना केल्यास सुरक्षित पाणी दूषित आणि दूषित पाणी सुरक्षित ठरू शकते.

पाण्याची विलंबित साक्ष

मुळांच्या कक्षेतून निसटलेले नायट्रेट लगेच भूजलात पोहोचत नाही. मुळांखालील कोरड्या थरातून खाली झिरपण्यास त्याला अनेक वर्षे, काही ठिकाणी दशकेही लागतात. म्हणूनच आजच्या विहिरीत मागील पिढीच्या खतव्यवस्थापनाची साक्ष सापडू शकते. नत्र व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून हे नायट्रेट रासायनिक खतातून आले की शेणखत व सांडपाण्यातून, याचाही अंदाज बांधता येतो. २०१५ मध्ये याच विद्यापीठातील संशोधकांनी हाय प्लेन्स आणि कॅलिफोर्नियातील सेंट्रल व्हॅली या जलधरांत नायट्रेट व नैसर्गिक युरेनियम यांचा परस्परसंबंध दाखवून दिला. खडकात बांधलेले युरेनियम नायट्रेटमुळे विरघळून पाण्यात येऊ शकते.

कीटकनाशकांबाबत मीड गावाजवळील इथेनॉल कारखान्याचे उदाहरण बोलके आहे. तेथे निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके लावलेले मक्याचे जुने बियाणे वापरले जात असे. मागे उरलेल्या चोथ्यात व सांडपाण्यात ही रसायने साठत गेली. जवळच्या विद्यापीठ क्षेत्रावरील मधमाश्यांच्या वसाहती मृत होऊ लागल्या. २०२१ मध्ये हा कारखाना बंद करण्यात आला. बीजप्रक्रिया केलेल्या, पण न पेरलेल्या बियाण्याची विल्हेवाट हादेखील पाण्याचा प्रश्न आहे, ही जाणीव त्यातून होते.

नियम शेतकऱ्यांच्या मंडळाचे

नेब्रास्कात १९७२ पासून नैसर्गिक संसाधन जिल्हे कार्यरत असून आज त्यांची संख्या २३ आहे. स्थानिक मतदारांनी निवडलेली मंडळे ते चालवतात व स्थानिक कर आकारतात. सेंट्रल प्लॅट जिल्ह्याने १९८७ पासून नायट्रेटच्या पातळीनुसार टप्प्याटप्प्याने नियम लागू केले. माती व पाणी परीक्षण, खतवापराचा अहवाल, शेतकऱ्यांचे प्रशिक्षण आणि खत देण्याच्या काळावर निर्बंध ही त्यांची मुख्य अंगे होत. सुधारणा मंदगतीने होते. पण मोजमाप खंडित होत नाही.

आपल्या शिवारासाठी

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक आढळले. अशा जिल्ह्यांची संख्या ४४० आहे. तथापि, नेब्रास्काचे वाळू-खडीचे जलधर आणि दख्खनचा भेगाळ काळा पाषाण यांत मोठा फरक आहे. म्हणून तेथील निष्कर्ष नव्हे, तर तेथील पद्धत येथे आणणे श्रेयस्कर.

- विहिरीच्या पाण्याचे पावसाळ्यापूर्वी व नंतर परीक्षण करून नोंद जतन करावी.
- पाण्यातील नत्र खताच्या हिशेबात धरावे. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याच्या एकूण ३० सेंटिमीटर सिंचनातून हेक्टरी सुमारे ३० किलो नत्र, म्हणजे जवळपास ६५ किलो युरियाइतके नत्र शेतात येते. परीक्षण व शिफारस पाहून त्यानुसार मात्रा कमी करावी.
- नत्र विभागून द्यावे; उकिरडा व शौचालयाचे खड्डे विहिरीपासून दूर ठेवावेत.
- पाणी उकळल्याने नायट्रेट नष्ट होत नाही, उलट त्याची तीव्रता वाढते. असे पाणी तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधासाठी मुळीच वापरू नये. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते.

परदेशातील अभ्यासाचे खरे फलित शोधनिबंधापुरते मर्यादित नसावे. गावातील प्रत्येक विहिरीची नोंदवही सुरू झाली आणि विस्तार कार्यकर्त्यांनी ती शेतकऱ्यांसमवेत दरवर्षी वाचली, तर आज वाचवलेल्या नत्राचा लाभ पुढील पिढीच्या घागरीत निश्चित दिसेल.