छपरावरची वीज – लेखांक ९ : दोन बॅटऱ्यांमधली चोरतार

या लेखांकात वातानुकूलन यंत्राचा हिशेब यायचा होता. तो एक आठवडा पुढे ढकलावा लागत आहे. बॅटरीसंच किती व्होल्टचा ठेवावा हे ठरल्याशिवाय तो हिशेब करता येत नाही. शिवाय वाळूज परिसरातील एका वाचकाच्या पत्राने या प्रश्नाचे असे एक अंग समोर आणले आहे, की ज्याकडे गाडी बांधणारे कारागीर हमखास काणाडोळा करतात. या वाचकाने जुन्या बसच्या सांगाड्यावर राहण्याजोगी गाडी बांधायला घेतली असून बसची मूळ वीजव्यवस्था, एस.टी.च्या गाड्यांप्रमाणेच, २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेली आहे. मात्र त्यांनी आणून ठेवलेले पंखे, एलईडी पट्ट्या आणि पाण्याचा पंप हे सारे १२ व्होल्टचे आहेत. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्टची तार काढली, तर २४ चे १२ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरचा खर्च वाचणार नाही का, असा त्यांचा प्रश्न आहे. खर्च वाचतो हे खरे. पण त्यापायी दोन्ही बॅटऱ्या हातच्या जातात. त्या कशा जातात हे पाहण्यापूर्वी मुळात २४ व्होल्टच्या वाटेला का जावे लागते, ते पाहणे इष्ट ठरेल.

बॅटरीतील ऊर्जा व्होल्टेजवर अवलंबून नसते. १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या तर १२ व्होल्टला २०० अँपिअर-तास मिळतात, एकसर जोडल्या तर २४ व्होल्टला १०० अँपिअर-तास मिळतात, आणि दोन्ही वेळा साठा २,४०० वॉट-तासांचाच राहतो. फरक पडतो तो तारेत. ठरावीक शक्ती वाहून नेताना व्होल्टेज दुप्पट केले की प्रवाह निम्मा होतो, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो एक चतुर्थांशावर येतो. एक हजार वॉटचा भार इन्व्हर्टरवर टाकला आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ९३ अँपिअर ओढले जातात. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांत तीन मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन सहा मीटर तार लागते; ती १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असली तरी तिच्यात ०.६ व्होल्ट गळतात आणि सुमारे ५५ वॉट नुसते तापण्यात जातात. तीच तार २४ व्होल्टवर वापरली, तर नाश १४ वॉटपर्यंत उतरतो. ही गणिते २० अंश सेल्सिअसची आहेत. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पलंगाखालच्या बंद कप्प्यातील तार सहज साठ अंशांवर पोहोचू शकते, आणि तांब्याचा रोध त्या तापमानाला सुमारे सोळा टक्क्यांनी वाढलेला असतो.

तारेपेक्षाही तिच्या टोकाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. तारेच्या टोकाला जो तांब्याचा लग बसवतात, तो योग्य क्रिम्पिंग हत्याराने न दाबता हातोडीने ठोकून बसवला असेल, तर तेथे मिलिओहमच्या अंशाइतका जादा रोध उरतो. तो नव्वद अँपिअरला पुरेसा घातक असतो. काही महिन्यांत लगजवळचे आवरण तपकिरी होऊन कडक पडते, नट ढिला होतो, रोध आणखी वाढतो आणि हे चक्र स्वतःलाच पोसत राहते. बॅटरी भरलेली असूनही मिक्सर सुरू करताच इन्व्हर्टर कमी व्होल्टेजची सूचना देऊन बंद पडतो, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ बॅटरीत नसून याच टोकांशी सापडते.

व्होल्टेज वाढवून प्रवाह कमी करण्याचा धडा भारतीय रेल्वेने फार पूर्वी गिरवलेला आहे. डब्याखालच्या आसाला पट्ट्याने जोडलेल्या डायनामोवर आणि बॅटऱ्यांवर चालणारी डब्यांतील दिव्या-पंख्यांची व्यवस्था एके काळी २४ व्होल्टची होती. पुढे दिवे-पंखे वाढत गेले, लांब डब्याच्या टोकापर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचवणे जड जाऊ लागले आणि २४ व्होल्टच्या जागी ११० व्होल्टची एकदिश, म्हणजे डीसी, व्यवस्था आली. आसावरच्या जनित्रावर चालणाऱ्या वातानुकूलित डब्याचा भार २० किलोवॉट धरला, तर २४ व्होल्टवर आठशेहून अधिक अँपिअर वाहून न्यावे लागले असते. ११० व्होल्टवर तोच आकडा १८२ अँपिअरवर येतो. मनमाडच्या गाडीत बसणाऱ्या प्रवाशाला याचा पत्ताही नसतो, परंतु राहत्या गाडीच्या वीजव्यवस्थेचे याहून चांगले पाठ्यपुस्तक दुसरे नाही.

मग थेट ११० व्होल्टच का घेऊ नयेत? घरगुती कामासाठी ४८ ही व्यवहार्य कमाल मर्यादा ठरण्याला कारण आहे. शिसे-आम्लाच्या चार बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा संच भारित होताना ५७.६ व्होल्टपर्यंत चढतो, लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सोळा सेलांचा संच ५८.४ पर्यंत जातो, आणि स्पर्शाच्या दृष्टीने तुलनेने सुरक्षित मानली जाणारी डीसीची मर्यादा साधारण ६० व्होल्टची आहे. त्याखेरीज डीसीची ठिणगी चिवट असते. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि त्या क्षणी ठिणगी विझते, तर डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. त्यामुळे घरच्या बोर्डातला एसीचा एमसीबी काढून बॅटरीच्या तारेवर बसवणे हा पैसे वाचवण्याचा मार्ग नव्हे. व्होल्टेज वाढवावे तसा हा धोकाही वाढतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मालट्रकच्या बॅटरीपेटीचे झाकण उघडले, की दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पट्टीवर, मुख्य नटाखाली गुंडाळून दाबलेली एक बारीक लाल तार पुष्कळदा दिसते. ही चोरतार केबिनमधल्या टेपसाठी असते. तिने घेतलेली वीज नेहमी एकाच बॅटरीतून जाते, ती म्हणजे जिचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले आहे ती खालची बॅटरी. टेपचा भार थोडा आणि ट्रक दिवसभर धावणारा, म्हणून हे पाप बरेच दिवस झाकलेले राहते. राहत्या गाडीत तसे घडत नाही. दोन पंखे मिळून चार अँपिअर घेत असतील आणि रात्री आठ तास चालत असतील, तर सकाळपर्यंत खालच्या बॅटरीतून ३२ अँपिअर-तास गेलेले असतात आणि वरची भरलेलीच असते. सकाळी छपरावरचे पॅनेल चार्ज करू लागते तेव्हा एकसर जोडणीमुळे दोन्ही बॅटऱ्यांतून एकच प्रवाह वाहतो. भरलेलीला तो नको असतो आणि रिकामीला अपुरा पडतो. चार्ज कंट्रोलर फक्त दोन्ही मिळून किती व्होल्ट आहेत एवढेच पाहतो. एकूण २८ व्होल्ट दिसले की त्याच्या लेखी सारे आलबेल असते. प्रत्यक्षात वरची बॅटरी १५ व्होल्टवर आणि खालची १३ वर असू शकते. वरच्या बॅटरीतील पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जात असते आणि बंद कप्प्यात हायड्रोजन साठणे धोक्याचेच असते. खालची बॅटरी कधीच पुरती भरत नसल्याने तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, जे पुढे भारित करूनही विरघळत नाहीत. एक बॅटरी अतिभाराने आणि दुसरी उपासमारीने मरते, आणि मालक दोष देतो बॅटरीच्या कंपनीला.

लिथियम संच घेतल्याने हा रोग बरा होत नाही. अशा संचातील बीएमएस, म्हणजे सेलांवर पहारा ठेवणारे परिपथ, वरच्या सेलांपैकी एकही ३.६५ व्होल्टवर पोहोचला की साऱ्या संचाचे भारण तोडते, आणि खालचे सेल अर्धवट राहतात. सेलांत समतोल राखण्याची त्याची क्षमता बहुधा मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतकी असते. चार अँपिअरच्या चोरतारेपुढे ती कुठवर पुरणार?

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांच्या संपूर्ण २४ व्होल्टवर चालणारा १२ व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर. वीस अँपिअरचा कन्व्हर्टर २४० वॉट देतो, पंखे, दिवे आणि पंप यांना तो पुरेसा असतो, सुमारे दहावा हिस्सा वीज रूपांतरात जाते, आणि त्याच्या आधी फ्यूज व एक स्विच ठेवला की गाडी उभी असताना त्याची स्वतःची खादाडीही थांबते. दुसरा उपाय म्हणजे बॅटरी इक्वलायझर, म्हणजे भरलेल्या बॅटरीतून रिकामीकडे वीज सरकवणारे यंत्र. ते ट्रकच्या टेपसाठी ठीक आहे. राहत्या गाडीसाठी कन्व्हर्टरच श्रेयस्कर, कारण इक्वलायझर गुपचूप बंद पडला तर पंखे चालूच राहतात आणि चोरतारेची स्थिती पुन्हा ओढवते, तर कन्व्हर्टर बंद पडला की पंखा थांबतो आणि बिघाड त्याच रात्री कळतो. फ्रीजची चिंता नको: गाड्यांसाठीचे बहुतेक डीसी कॉम्प्रेसर फ्रीज १२ आणि २४ दोन्ही व्होल्टेज ओळखून चालतात.

ज्यांची गाडी फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरसारखी, मूळचीच १२ व्होल्टची आहे, त्यांना आणखी एक शंका येते: राहण्याच्या भागात २४ व्होल्ट ठेवले, तर इंजिनावरच्या अल्टरनेटरने ते चार्ज कसे होणार? त्यासाठी व्होल्टेज चढवणारा डीसी-डीसी चार्जर लागतो, हे खरे. पण छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या सहलींचे अंतर पाहिले, तर अल्टरनेटरला फारसे महत्त्व उरत नाही. वेरूळ सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पाऊण तासाच्या त्या प्रवासात साडेतीनशे वॉटचा चार्जर जेमतेम २६० वॉट-तास भरतो, तर छपरावरची ४०० वॉटची पॅनेल उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी दीड हजार वॉट-तास सहज देतात. शिवाय ३० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर १२ व्होल्टच्या संचावर सुमारे ४०० वॉटची पॅनेल पेलतो, तर २४ व्होल्टच्या संचावर तोच ८०० वॉटची पेलतो. पुढे पॅनेल वाढवायची असतील, तर ही बचत थोडीथोडकी नाही.

निवाडा शेवटी स्वयंपाकाच्या ओट्यावर होतो. स्वयंपाक गॅसवर असेल आणि इन्व्हर्टर एक हजार वॉटच्या आत राहणार असेल, तर १२ व्होल्टच घ्यावेत. लहान गाडीत २४ चा हट्ट हा निव्वळ हौसेचा भाग आहे. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी आली, की १२ व्होल्टवर १८५ अँपिअर होतात आणि तेथे २४ ला पर्याय राहत नाही. शेगडीच्या जोडीला वातानुकूलन यंत्रही एकाच वेळी चालायचे असेल, तरच ४८ चा विचार करावा. वाळूजच्या वाचकांनी २४ व्होल्ट कायम ठेवावेत, कन्व्हर्टर विकत घ्यावा आणि तारा कापण्यापूर्वी बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतचे अंतर फीत लावून मोजून कळवावे. वातानुकूलन यंत्राचा हिशेब पुढील लेखांकात त्याच गाडीवर मांडता येईल.