विश्लेषण : शेतातला महाकाय यंत्रमानव खरा का वाटतो? डिजिटल निसर्गचित्रांतील रचना आणि प्रकाशाचे गणित काय?

बर्फाने झाकलेले शेत, कडेला लाल रंगाचे लाकडी घर, जुनी व्होल्वो गाडी आणि मागे धुक्यात उभा असलेला भलामोठा यंत्रमानव. या धाटणीची चित्रे मोबाइलवर दिसली की अंगठा क्षणभर थांबतोच. चित्रातली गोष्ट अशक्य आहे, हे माहीत असूनही नजर तिच्यावर विश्वास ठेवते. हे नेमके कसे घडते आणि एआयच्या काळात त्याला महत्त्व का आले आहे?

ही चित्रे कोणाची?

या शैलीतील सर्वांत परिचित नाव म्हणजे स्वीडनचे चित्रकार सिमोन स्टोलेनहाग. १९८४ मध्ये जन्मलेल्या स्टोलेनहाग यांचे बालपण स्टॉकहोमजवळच्या ग्रामीण भागात गेले. ते संगणक आणि ग्राफिक टॅबलेटवर काम करतात, मात्र चित्र तैलरंगातले वाटावे असा त्यांचा हात आहे. त्यांच्या ‘टेल्स फ्रॉम द लूप’ या चित्रपुस्तकावर २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमवर मालिका आली, तर ‘द इलेक्ट्रिक स्टेट’वर बेतलेला चित्रपट २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला.

दुसरे नाव पोलंडचे याकुब रुझाल्स्की यांचे. त्यांच्या ‘१९२०+’ या काल्पनिक जगात पहिल्या महायुद्धानंतरच्या पूर्व युरोपातील शेतकरी पीक कापत असतात आणि क्षितिजावरून पोलादी युद्धयंत्रे जात असतात. ‘सायद’ हा २०१६ मधील गाजलेला बोर्डगेम याच जगात घडतो.

रचनेचे सूत्र काय?

पहिला नियम असा, की ओळखीचे पुढे आणि अनोळखी मागे. कुंपण, विजेचा खांब, चिखलातली चाकोरी, गाय अशा गोष्टी आपण रोज पाहतो. त्यात चूक नसेल तर नजर निर्धास्त होते आणि मागचे यंत्रही त्याच जगातले मानून टाकते.

दुसरा नियम मापाचा. यंत्र किती मोठे आहे, हे शेजारी माणूस किंवा गाडी असल्याशिवाय कळत नाही. त्यातच क्षितिजरेषा खाली ठेवली की आकाश मोकळे होते आणि त्यात घुसलेली आकृती आणखी उंच भासते.

तिसरा नियम पाठमोऱ्या माणसाचा. चित्रातली व्यक्ती आपल्याकडे पाठ करून दूर बघत असेल तर आपणही तिच्या जागी उभे राहून तिकडेच बघू लागतो. ही युक्ती जुनी आहे. जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रीडरिश यांनी साधारण १८१८ मध्ये धुक्याच्या समुद्राकडे पाहणारा पाठमोरा प्रवासी रंगवला, तो याच कारणासाठी आजही लक्षात राहतो.

धुके एवढे का असते?

दूरची वस्तू आणि आपला डोळा यांच्यामध्ये हवेचा थर असतो. त्यातील बाष्प, धूळ आणि हवेचे रेणू प्रकाश विखुरतात. त्यामुळे दूरचा डोंगर फिका, निळसर आणि कमी उठावदार दिसतो. लिओनार्दो दा विंचीनेही आपल्या टिपणांत याची नोंद केली होती.

डिजिटल चित्रकार हेच काम लेअरने करतो. पुढचे गवत, मधले घर, मागचे यंत्र असे वेगवेगळे थर करून प्रत्येक थरामागे आकाशाच्या रंगाचा पातळ पडदा टाकला जातो. यंत्रातील सर्वांत गडद काळाही पुढच्या झाडाच्या सावलीपेक्षा फिका ठेवला, की ते आपोआप एखादा किलोमीटर मागे सरकते. नवशिक्यांची नेमकी इथेच चूक होते. यंत्रावर मेहनत घेतलेली असते, म्हणून ते सर्वांत गडद आणि रेखीव ठेवले जाते. मग ते शेतात उभे न राहता स्टिकरसारखे वर चिकटलेले दिसते.

प्रकाशाचे गणित काय?

चित्रात सूर्य एकच असतो, त्यामुळे गवत, ट्रॅक्टर आणि यंत्रमानव या सगळ्यांच्या सावल्या त्याच हिशेबाने पडायला हव्यात. उजेडाचा भाग उबदार असेल तर सावलीत आकाशाची निळाई उतरते. जमिनीवर बर्फ असेल तर प्रकाश उलटून यंत्राच्या पोटाखाली पोहोचतो. यंत्राचा पाय जमिनीला टेकतो तिथली बारीक गडद सावली राहून गेली, तर ते तरंगू लागते.

स्टोलेनहाग यांच्या चित्रांतील उदास, तिरप्या उजेडामागे भूगोलही आहे. स्टॉकहोम सुमारे ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो. त्या वेळी १.७ मीटर उंचीच्या माणसाची सावली सुमारे १३ मीटर लांब पडते. त्याच दिवशी मुंबईत दुपारचा सूर्य ४७ अंशांहून अधिक उंचीवर असतो आणि त्याच माणसाची सावली साधारण दीड मीटर भरते.

महाराष्ट्रातले गाव रंगवायचे तर?

स्वीडनचा उजेड उचलून सांगलीच्या उसावर ठेवला, तर चित्र खोटे वाटेल. मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. मावळतीचा सोनेरी उजेडही लवकर आटोपतो. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास शेवटचे ६ अंश उतरायला सूर्याला मुंबईत सुमारे २५ मिनिटे लागतात, स्टॉकहोममध्ये सुमारे ४७.

पण इथले स्वतःचे साहित्य कमी नाही. पावसाळ्यात ढगांतून गाळून येणारा उजेड सावल्या पुसट करतो आणि सह्याद्रीतले धुके अंतर दाखवण्याचे काम आयतेच करते. कोकणातील जांभ्यावरून परतणारा तांबूस प्रकाश यंत्राच्या खालच्या अंगावर दाखवला, तर ते यंत्र त्या मातीतले वाटू लागेल. चित्र तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे फोनचा पडदा कृष्णधवल करणे. रंग काढल्यावरही जवळचे आणि दूरचे वेगळे कळत असेल, तर उजेडाचा पाया पक्का आहे.

एआयमुळे काय बदलले?

२०२२ मध्ये स्टेबल डिफ्युजनसारखी साधने सर्वांसाठी खुली झाली. पोलंडचेच चित्रकार ग्रेग रुटकोव्स्की यांचे नाव लिहून लोकांनी हजारो अद्भुत निसर्गचित्रे तयार केली. वर्षानुवर्षे घडवलेला प्रकाश एका ओळीच्या सूचनेत मिळू लागला आणि त्यावर रुटकोव्स्की यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. कायद्यातही पेच आहे. कॉपीराइट विशिष्ट चित्राला मिळतो, शैलीला नाही.

सामान्य वाचकासाठी मुद्दा आणखी वेगळा आहे. पूर, अपघात किंवा न घडलेल्या चमत्काराचे बनावट चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर येते, तेव्हा हेच नियम उपयोगी पडतात. सावल्या एकाच सूर्याच्या आहेत का? मागची वस्तू पुढच्यापेक्षा ठळक आहे का? पाय जमिनीला टेकले आहेत का? ही कसोटी अंतिम नाही, साधने दिवसेंदिवस सुधारत आहेत. पण फॉरवर्ड करण्यापूर्वी थांबायला ती पुरेशी आहे.

मग यंत्रापेक्षा वेगळे काय उरते?

‘टेल्स फ्रॉम द लूप’च्या कथेत स्वीडनचे सरकार १९५४ मध्ये ग्रामीण भागाखाली प्रचंड कण-त्वरक उभारण्याचा आदेश देते. चित्रांत मात्र दिसतात ती त्याची गंजकी यंत्रे आणि त्यांच्यात खेळणारी मुले. मोठा प्रकल्प गावात येतो, त्याच्या सावलीत एक पिढी वाढते आणि मग मागे भंगार उरते, हे ते दृश्य आहे. धरण, कारखाना किंवा औष्णिक वीज केंद्राशेजारी वाढलेल्या कोणालाही ते परके वाटणार नाही. सावलीची लांबी गणिताने काढता येते, पण त्या सावलीत कोणाला उभे करायचे, हे ठरवायला ते गाव ठाऊक असावे लागते.