वाकाटककालीन प्राकृत काव्य
विदर्भाच्या वाकाटक राजांनी इ. स. चौथ्या-पाचव्या शतकांत महाराष्ट्री प्राकृतात रचलेले काव्य. रोमन साम्राज्याच्या पडझडीनंतर इटलीतील गॉथ राजांचा राज्यकारभार व साहित्य या दोहोंसाठी लॅटिनच वापरात राहिली. वाकाटकांचे बहुतेक ताम्रपट मात्र संस्कृतात, तर काव्य प्राकृतात आढळते. वत्सगुल्म (वाशीम) शाखेचा संस्थापक सर्वसेन याचे हरिविजय लुप्त झाले असून अलंकारग्रंथांतील उल्लेख व अवतरणे यांवरूनच ते ज्ञात आहे. दुसऱ्या प्रवरसेनाचे मानले जाणारे सेतुबंध हे रामकथेवरील पंधरा आश्वासांचे महाकाव्य उपलब्ध आहे. दंडीने काव्यादर्शात त्याचा गौरव केला; अकबराच्या काळात रामदासाने त्यावर टीका लिहिली. राजवंश लयास गेल्यावर हे काव्य टिकले, ते अशा अभ्यासकांमुळेच.